सतराच्या आत

१ डिसेंबर
मालेगावच्या कॉलेजात रुजू झाले बाप्पा एकदाची! गणिताची प्रयोगशाळा म्हणजे एक संगणक नि दोन खुर्च्या, पण सगळं माझ्या एकटीचं. सात वर्षांची राखी वाशीमला आईकडं ठेवली. वीस किलोमीटर तर आहे. रविवारी येईल. तिचा लाल फ्रॉक शिवायला घेतलाय.

आधीचे हेमसिंग सर एक समीकरण अर्धवट टाकून गेलेत. त्याची पूर्णांक उत्तरं शोधायची, तीही दोनचं वर्गमूळ सामावणाऱ्या संख्याक्षेत्रात. रीत अशी, की उत्तरं अमुक हद्दीच्या आतच आहेत हे आधी सिद्ध करायचं, मग हद्द छाटत आणायची आणि उरलेलं संगणकानं तपासायचं. सरांनी हद्द एकावर चाळीस शून्यं एवढी सोडलीय. निव्वळ आळस! शिपाई जगदेवभाऊ म्हणे, सरांनी बजावलंय, हद्दीले हात लावू नोका. मला हसूच आलं.

३ डिसेंबर
एका दमात हद्द एकशे त्रेसष्टवर आणली! पुढची छाटणी आपोआप चालेल असं लावून ठेवलं. नागपूरच्या मैत्रिणीला सांगावं म्हटलं, तर नंबर अस्तित्वात नाही. जगदेवभाऊंनी मलाच विचारलं, कोणतं नागपूर? भारीच मस्करी करतात.

५ डिसेंबर
मस्करी नव्हती. स्टँडवरच्या फलकावर नागपूर नाही. भिंतीवरच्या नकाशात मालेगावपासून मोजलं. एकशे त्रेसष्ट किलोमीटरच्या पुढं कागद कोरा. त्या मैत्रिणीचं नावही आठवेना.

संगणकाचा प्लग उपटला. पडद्यावर आकडा उतरतोच आहे — नव्वद, चव्वेचाळीस. वाशीम वीसवर. आईला फोन केला, राखीला आत्ताच्या आत्ता गाडीत बसव. राखीनं फोन ओढून घेतला, म्हणाली, फ्रॉकले खिसा ठेवजो. गाडी निघाली म्हणे.

स्टँडवर पळतेय. देवा, वीसच्या वर थांब —

६ डिसेंबर
हद्द सतरा.
काल स्टँडवर अंधार पडेस्तोवर उभी होते. गाडी आली नाही. कुणाची वाट पाहत होते, ते —
जगदेवभाऊंनी चहा दिला. प्यायले.

७ डिसेंबर
हद्द दोन. जेवले. काही वाटत नाही.
पिशवीत लाल फ्रॉक निघाला. लहान आहे. कुणाचा —
मागच्या पानांवर राखी असं लिहिलंय. अक्षर माझंच.
खिसा राहिला होता. लावतेय. हद्द एकाच्याही खाली, दशांशात. फाटकापलीकडं काही नाही. जगदेवभाऊ आत्ता इथं —
हद्द शून्य.
खिसा नीट बस