पिनरमधले माझे निधन

मंगळवार, १४ मार्च २००६

अनर्थ! सूर्याला अर्घ्य द्यावे म्हणून खिडकीशी गेलो. सूर्य नव्हता, तो या विलायतेतल्या पिनरमध्ये बहुधा नसतोच! आणि दृष्टी गेली शेजारच्या गोऱ्या बाईंच्या शेडवर. दोन कावळे — आणि त्यांचे मैथुन! डोळे मिटेपर्यंत पाहून झाले होते. काकमैथुनाचे दर्शन म्हणजे मृत्यूचे बोलावणे.

चहाच्या वेळी घरात सांगितले. सुश्रुत म्हणाला, "अण्णा, हे ब्रिटिश कावळे. त्यांना आपलं शास्त्र लागू नाही." पोटचा मुलगा, आणि यमालाही व्हिसा लागतो असे समजतो! सूनबाई चैत्राली हसू दाबीत म्हणाली, "कौन्सिलला फोन करून कावळ्यांची तक्रार करू का?"

परिहार एकच. आपल्या मृत्यूची खोटी वार्ता आपणच जवळच्या आप्तास कळवावी. तो रडला की मरण त्या अश्रूंवर निभावते. मग खरे सांगावे. आमच्या मामांनी हे केले होते. ते पुढे दोन माम्यांना पुरून उरले.

बुधवार, १५ मार्च

आप्त म्हणजे श्रीनिवासच. माझा धाकटा भाऊ. नागपुरास लेकीपाशी, सीमेपाशी असतो. इतका सहज रडणारा पुरुष मी पाहिलेला नाही. माझ्या मुंजीत केस माझे गेले, आणि रडला तो!

दोघांनाही कमी ऐकू येते, म्हणून फोन नाही. दर रविवारी ईमेलने पत्र. त्यात घरच्या बातम्या, दुखणी आणि श्लोकांवरून भांडण. पूर्वी माझी एक तरी चूक काढल्याशिवाय त्याचे पत्र पुरे होत नसे. दिवाळीत माझी बायपास झाली, तेव्हापासून मात्र माझे सारे मान्य करतो, वर प्रकृती विचारतो. उशिरा का होईना, नम्रता आली.

सुश्रुत एकाएकी चिडला. "कोणालाही कळवू या, काकांना नको!" मग म्हणे, बेसिंगस्टोकच्या पुष्करला कळवू. पुष्कर! माझ्या मावसबहिणीचा नातू. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रडायचे तर त्याला रजा टाकावी लागेल.

"सख्ख्या भावाच्याच डोळ्यांतले पाणी पाहिजे," मी म्हणालो.

"अण्णा, प्लीज."

"आणि मी खरोखरच मेलो तर?"

यावर त्याने कॉम्प्युटर सुरू केला.

मजकूर मीच सांगितला. सुश्रुतने आपल्या पदरचे 'शांतपणे' घातले होते. ते काढावयास लावले. मी शांतपणे जाईन, हे याने कशावरून ठरवले?

गुरुवार, १६ मार्च

आज मी मृत आहे. गुरुवारचा उपास मृताने धरावा की नाही, याचा निर्णय कोणत्याही ग्रंथात सापडेना. धरला. नागपुराहून उत्तर नाही.

शुक्रवार, १७ मार्च

सीमेचे उत्तर! "बाबांना सांगितलं. खूप रडले."

रडला! सुटलो! चैत्रालीला शिरा करावयास सांगितला. स्वयंपाकघरात डोकावलो तर डोळे पुशीत होती. "काही नाही अण्णा, कांदा चिरत होते." शिऱ्यात कांदा! जिवंत माणसाने फार चिकित्सा करू नये.

सुश्रुतने लगोलग खरे कळवून टाकले. आता श्रीनिवासाच्या शिव्यांची वाट पाहतो. 'गाढवा' तर नक्कीच असेल. रागावला की तो माझे थोरलेपण विसरतो.

रविवार, १९ मार्च

पत्र आले. "ती. अण्णांस साष्टांग नमस्कार. आपण सुखरूप आहात हे वाचून आनंद झाला. गोळ्या वेळेवर घ्याव्यात. थंडीत बाहेर जाऊ नये."

एवढेच!! ज्या भावाला मी मरून दाखवले, तो मला गोळ्या घ्यावयास सांगतो! एक शिवी नाही, एक टोमणा नाही. इतके सौजन्य त्याने परक्याशीही कधी दाखवलेले नाही.

रागाच्या भरात उत्तर लिहविले, आणि शेवटी एक श्लोक घातला — लहानपणी वडिलांपुढे आम्ही रोज म्हणत असू तो. त्याचा पहिला चरण मुद्दाम दुसऱ्याच श्लोकाचा जोडला. आता पाहू कसा गप्प बसतो!

सोमवार, २० मार्च

उत्तर आले. "श्लोक फार सुंदर आहे. वाचून मन प्रसन्न झाले."

जेवण गेले नाही. सुश्रुतला विचारले, "श्रीनिवासाची प्रकृती बरी आहे ना?" तो म्हणाला, "उद्या बोलू, अण्णा. आज खूप काम आहे." आणि टीव्ही लावून बसला.

मंगळवार, २१ मार्च

सुश्रुत ऑफिसला गेल्यावर स्वतः फोन लावला. सीमा ओरडून बोलत होती, तरी दोनदा सांगावे लागले. श्रीनिवास दिवाळीत गेला. माझी छाती तेव्हा उघडलेली. म्हणून सर्वांनी मिळून लपवले. रविवारची पत्रे तीच लिहीत असे.

"मग परवा रडले कोण?" मी विचारले.

"मी, काका."

भावाच्या नावाने अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान केले.