शेंदरी साडी आणि चिंधूची तूर

नालवाडी, वर्धा
१४ डिसेंबर १९९९

ती. कमलाताईस प्रमिलाचा नमस्कार.

तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि नातीच्या, म्हणजे गुंजनच्या, साक्षगंधाची तयारी, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. तिला त्या दिवशी नेसवायला तू फॉल-पिकोसाठी माझ्याकडे दिलेली, तुझ्या स्वतःच्या साक्षगंधाची शेंदरी साडी सुखरूप आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. बसून वाच.

शनिवारी आम्ही दोघं सेलूच्या पलीकडे, बोर धरणाच्या बाजूला, रूपरावच्या घरी मुक्कामाला गेलो. रूपराव माझा विद्यार्थी (नववीत दोनदा होता, म्हणून चांगला लक्षात). हल्ली तो शहरातल्या लोकांना घरी ठेवून घेतो, भाकर-वांगं जेवू घालतो आणि सकाळी जंगल दाखवतो. ह्यांना निवृत्तीनंतर प्राणी बघायची हौस आली आहे. इतकी वर्षं दारातली गाय दिसली नाही. साडी मी सोबत नेली, कारण नालवाडीत त्याच आठवड्यात दोन घरांची कुलपं फुटली होती. रूपरावच्या खोलीला तर नुसती कडी, म्हणून रविवारी सकाळी टेकडीवर निघताना ती पिशवी मी खांद्याला लावली.

पुढे रूपराव, मागे त्याच्या शेजारच्या वावराचा चिंधू. मी मातकट सुती साडी नेसले होते (जंगलात भडक रंग नको, म्हणून ह्यांचं लाल स्वेटरही मीच काढायला लावलं). तासाभरात एक मोर, तीन रोही (म्हणजे नीलगायी) आणि अस्वलाची विष्ठा दिसली. विष्ठेपाशी हे दहा मिनिटं उभे. मग ओल्या मातीत पंजा दिसला, माझ्या हाताएवढा. कधीचा, विचारलं, तर रूपराव म्हणाला, "सकाळचाच असन, बाई." तेव्हा सकाळचे सातच वाजले होते! मी सर्वांना मागे फिरायला सांगितलं, आणि सांगता सांगता घसरून नाल्यात बसले. कमरेपर्यंत चिखल. नेसायला जवळ दुसरं काय होतं, ते तुला कळलंच असेल. (ह्यांना पहाऱ्यावर बसवून, झुडपाआड. काठाला चिखल लागलेला नाही.)

पन्नास पावलं गेलो नसू, तोच झाडावरची माकडं खॅक-खॅक ओरडायला लागली. रूपरावनं हात वर केला. माकडं अशी ओरडली की वाघ जवळ असतो, हे त्यानंच आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. चाळीस मिनिटं आम्ही चौघं एका जागी उभे. ह्यांना छातीचा त्रास, गोळी खोलीत. मी ह्यांचा हात धरून होते (कुणाला सांगू नकोस), आणि मनात एकच, की वाघानं नेलंच तर साडीसकट नेणार. शेवटी चिंधू म्हणाला, "वाघ नाई जी बाई. माकडं तुमालेच भेऊन राह्यली."

रानडुकरं, माकडं पिकात शिरू नयेत म्हणून इथे वावराभोवती जुन्या रंगीत साड्या बांधतात. साडी फडफडली की माणूस आहे, असं जनावरांना वाटतं. चिंधू परतताना वाटभर तुझ्या साडीकडेच बघत होता. "असा रंग आपल्या गावात नाई," म्हणाला. दुपारी मी माझी साडी नेसले आणि तुझी हवा लागायला त्याच्या कुंपणावर टाकली. पाचची बस धरायच्या घाईत उचलून पिशवीत भरली. हे ठणठणीत आहेत. आम्ही सुखरूप पोचलो.

तुझी,
प्रमिला

ता. क. साडी सुखरूप आहे हे खरंच आहे, फक्त ती माझ्याकडे नाही. घरी पिशवी उघडली तर आत चिंधूच्या बायकोची विटकी नारिंगी नायलॉनची साडी, मधोमध भोक. तुझी तुरीभोवती बांधलेली आहे.

ता. क. २. आज शेजाऱ्यांकडे रूपरावचा फोन आला. दोन दिवसांत वावरात एक डुक्कर फिरकलेलं नाही. चिंधू म्हणतो, "खुशाल न्या, पन तेवढंच भडक काईतरी आणून बांधा. शेंगा भरून राह्यल्या, डुकरं काई साक्षगंधासाठी थांबत नाईत." माझ्या सगळ्या साड्या मातकट आहेत, हे तू मला आयुष्यभर ऐकवत आलीस. तेव्हा गुरुवारी तुमच्याकडून इकडे येणाऱ्या हेमराजच्या हाती तुझा लग्नातला लाल शालू पाठव. चिंधूला मी हो कळवून टाकलं आहे.