डाव्या बाजूचं दार

१६ जानेवारी २०२४

ती. भाऊंना सलिलचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमची निवेदिताताई मध्ये पडून अर्धंच सांगते, म्हणून पत्र. परवा रविवारी सकाळी दिवेआगरच्या किनाऱ्यावर ज्या पांढऱ्या विमानाने उभी कोलांटी मारली ना, त्यात तुमचा पुतण्या होता! लहानपणी आपल्या वाडीतला गडी सदा सुपारीच्या एका शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्यावर जायचा, तेव्हा तुम्ही मला म्हणायचात, असं काही करून दाखव. घ्या, दाखवलं.

खरं सांगतो, थोडक्यात वाचलो. आमचं हे विमान विद्यार्थ्यांना शिकवायचं, कोलांट्यांसाठी बांधलेलं नव्हे. आत तशी पाटीच आहे. वर पोचल्यावर वेग संपला आणि ते पाठीवर पडलं. आग विझवायचा सिलिंडर सुटून माझ्या भुवईवर आदळला, रक्त डोळ्यात गेलं. खाली समुद्र अंगावर धावून येत होता. दांडा दोन्ही हातांनी पोटाशी ओढला, तर हनुवटी छातीत रुतली, डोळ्यांपुढे काळोख झाला आणि डावीकडे कुठेतरी फाडकन वाजलं. दिसायला लागलं तेव्हा लाटा अगदी जवळ होत्या.

उतरल्यावर दोन फेऱ्या मारून सगळं तपासलं. काही नाही. डाव्या बाजूचं दार तेवढं खाली घासतं. वहीत नेहमीचं उड्डाण म्हणून लिहिलंय. कुठे बोलू नका, लायसन जाईल. श्रीवर्धनच्या शिरवाडकर बाईंची मनाली माझ्याकडेच शिकते; भुवईचे टाके बघून सारखी विचारते, तिलाही बोललो नाही.

वाडीतल्या सगळ्यांना नमस्कार. राग आला तरी माया पातळ करू नका.

तुमचा,
सलिल

२३ जानेवारी २०२४

चि. सलिल यास भाऊचे आशीर्वाद, आणि समोर असतास तर कानाखाली दोन.

बघितलं रे शिंच्या. मी ओटीवर होतो. बहिऱ्याला आवाज नाही, नुसतं विमान उलटं झालेलं दिसलं. मी टाळ्या वाजवल्या, तू आहेस हे ठाऊक नसताना. आता त्या हातांची लाज वाटते.

एक गोष्ट सांगतो, जी कुणाला सांगितलेली नाही. वीस सालच्या वादळात विहिरीजवळची ती उंच पोफळ वाकून तिचा शेंडा जमिनीला लागला होता. मी खिडकीतून पाहिलं. वारा पडला तशी ती पुन्हा उभी राहिली. सरळ, हिरवी, घोसांनी भरलेली. सदाला सांगितलं असतं तर तो त्या ओळीत चढलाच नसता, आणि बाकी वाडी तर आडवी झाली होती, पीक काय ते त्याच ओळीवर होतं. म्हणून गप्प बसलो. दिवाळीनंतर, पानही हलत नव्हतं अशा दिवशी, सदाने वर झोका घेतला आणि पोफळ मधोमध मोडली. पाण्याच्या पाटाच्या दगडावर तो पडला तो आवाज मला या कानांनी ऐकू आला. मांडीचं हाड धोतर फाडून बाहेर आलं होतं. गावाला वाटतं, त्याचं नशीब.

आणि ते दार. वादळानंतर आपल्या स्वयंपाकघराचं दारही असंच घासायला लागलं होतं. सुताराने दाराला हात न लावता वर बघितलं, तुळई सरकली होती.

उद्याच्या उद्या जाऊन सांग. लायसन गेलं तर वाडी आहे.

जीव लागलाय म्हणून ओरडतो.

तुझा,
भाऊ

२ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र चारदा वाचलं. भाऊ, विमान म्हणजे पोफळ नव्हे हो! तीन आठवडे रोज उडतंय. आता सांगितलं तर नोकरी जाईल, आणि वाडीत मी काय सुपाऱ्या सोलू? तरी तुमच्या जिवाला घोर नको म्हणून गेल्या सोमवारपासून मी ते विमान घेत नाही, दुसरं घेतो. झालं समाधान? आता हसा बघू.

मनाली आता एकटी उडायला लागली आहे. पोरगी हुशार आहे, घाबरत नाही. मुख्य प्रशिक्षक झालो की तुम्हाला इकडे बोलावतो.

तब्येतीला जपा, आणि या नाठाळावर दया ठेवा.

तुमचा,
सलिल

८ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊंना नमस्कार.

निवेदिताताईचा फोन आला. माझं पत्र हातात पडताच तुम्ही एकच विचारायला लावलंत, मग ते विमान कोण उडवतं. तोवर एक दिवस उलटून गेला होता.

सोमवारी सकाळी मनाली त्यात बसली. दार लागेना, म्हणून तिने मला हाक मारली. मी ते खांद्याने ढकलून लावलं, भाऊ. मग दुसऱ्या विमानात जाऊन बसलो. वरून बघत होतो. ती साधं वळण घेत होती. डावा पंख केळीचं पान मुडपावं तसा वर मुडपला आणि तुटून गेला. बाकीचं गरगरत उसात पडलं आणि पेटलं.

मी विमान उतरवून धावत पोचलो तेव्हा ऊसतोडीच्या माणसांनी तिला ओढून बाहेर काढलं होतं. केस जळले होते, एक पाय नव्हता. ती जिवंत होती. दार माझ्याकडून नीट लागलं नाही का सर, असं तिने मला विचारलं. मी काहीच बोललो नाही. गाडीत ठेवेपर्यंत गेली.

इथे सगळे म्हणतात, शिकाऊ पोर, घाबरून काहीतरी केलं असणार. चौकशीवाल्यांनी विचारलं, मी माहीत नाही म्हटलं. खरं फक्त तुम्हाला ठाऊक आहे. माझी पत्रं चुलीत घाला. पाया पडतो.

सलिल

१३ फेब्रुवारी २०२४

चि. सलिल यास आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. चूल पेटलेलीच होती. पत्रं हातात घेऊन बसलो आणि सदा समोर सुपारी सोलत होता. त्यालाच आधी सांगितलं, पोफळ वाकलेली मी पाहिली होती. त्याने मी म्हणतोय ते खरं का, एवढंच खुणेने विचारलं. मी हो म्हटलं. चालताना टेकायची काठी उचलून त्याने माझ्या कपाळात हाणली. पाच टाके पडले. आज तो कामाला आला नाही. येईल असं वाटत नाही.

आज सकाळी डोक्याला पट्टी बांधून निवेदिताबरोबर श्रीवर्धनला गेलो. शिरवाडकर बाईंकडे माणसं बसली होती. पोरीला भलतं धाडस सुचलं असेल, असं कुणीतरी त्यांनाच समजावत होतं, निवेदिताने मला लिहून दाखवलं. बाई मान हलवत होत्या. मी तुझी पत्रं त्यांच्या हातात ठेवली. सगळी.

त्यांनी उभ्यानेच वाचली. दाराचा मजकूर पुन्हा वाचला. मग माझ्या तोंडावर थुंकल्या. पुसलं नाही मी. नंतर त्यांनी तुझा पत्ता मागितला, तो मी लिहून दिला.

तेरावा झाला की रविवारी त्या तुझ्याकडे येतील. त्याआधी चौकशीवाल्यांकडे जाऊन सगळं लिहून दे. नाही दिलंस तर त्या पत्रं देतीलच. पळू नकोस. त्या मारतील, मार खा. मनालीने तुला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांना दे.

तुझ्यावरचा जीव जात नाही, त्याला मी काय करू. त्या आल्या की दार उघड.

तुझा,
भाऊ