करडा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

आज साहेबांनी भर मीटिंगमध्ये निलोफरचं कौतुक केलं. पोरगी आमच्या गुन्हे शाखेत आत्ता आत्ता आली. चिकलठाण्यातली मोटारसायकल चोरांची टोळी शोधताना माझे बूट झिजले. तिनं मात्र कॉल रेकॉर्ड आणि फेसबुकवरून कोण कुणाशी जोडलंय, त्याचं जाळंच पडद्यावर काढलं. मधोमध लाल ठिपका, म्हणजे म्होरक्या. फुलंब्रीचा गॅरेजवाला रमेश. माझा खबरी. मला दुसऱ्यांची नावं द्यायचा आणि टोळी स्वतःच चालवायचा.

लाल ठिपक्याला चिकटून एक बिननावाचा करडा ठिपका होता. साहेबांनी विचारलं, "हा कोण?" रमेशला सगळ्यात जास्त फोन माझेच.

"आपलाच माणूस आहे सर. तपासून बाजूला ठेवलाय," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

नंतर जिन्यात म्हणाली, "काका, तुमच्या नंबरवरूनच रमेश सापडला. रिपोर्टात तसं लिहिलंय."

का लिहिलं? कीव आली म्हणून? त्या करड्या ठिपक्यावर माझं नाव टाकून चारचौघांत तोंडघशी पाडलं असतं, तर तिच्यावर मनसोक्त जळलो तरी असतो. आता तेही धड जमत नाही.