उलटे छापलेले शंख

दादा,

बाबांना घेऊन छापखान्यात चालले आहे. घर रिकामं दिसलं म्हणून घाबरू नकोस. डोळ्यांत घालायचे थेंब बरोबर घेतलेत, जिना उतरताना त्यांचा हात सोडणार नाही.

काल तू प्रकाशकांना फोनवर म्हणालास, "बाबांना आता दिसत नाही, शंखांच्या कोशाचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या." बाबा आतल्या खोलीत जागेच होते. त्यांनी सगळं ऐकलं.

आज सकाळी मी त्यांना कोशाची तपासायची पानं वाचून दाखवत होते. एका चित्राबद्दल मी सहज म्हणाले, "टोक वर आहे, तोंड डाव्या बाजूला." बाबांनी कपाटातला तोच शंख मागून घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगं, याचं तोंड उजवीकडे असतं. चित्र उलटं छापलंय." मग आम्ही एकेक शंख काढून बाकीची चित्रं ताडून पाहिली. आणखी बरीच उलटी निघाली.

तू काळजीपोटीच बोललास, हे मला कळतं. पण हे काम बाबांचं आहे आणि तेच ते पुरं करणार. मी वाचेन, ते सांगतील. प्रकाशक आज छापखान्यातच असतील, त्यांना हे मी तोंडावर सांगणार आहे.

जेवण झाकून ठेवलंय. बाबा दाढी करून, कोट चढवून दारात उभे आहेत आणि मलाच घाई करताहेत. त्यांना परत खुर्चीत बसवणं माझ्याच्याने होणार नाही. तुला जमेल असं वाटत असेल, तर छापखान्यात ये.

धाकटी