लेन नंबर दोन

रवि. ४ जानेवारी

लेन दोन गेली.

नेमबाजीच्या रेंजवर नेहमीसारखी पिस्तूल घेऊन दोनवर गेले, तर शिकवणारे सर म्हणाले, मॅडम, आजपासून तुम्ही चारवर उभ्या राहा. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण तोवर आमच्याच बॅचच्या राऊतबाई माझ्या टेबलावर स्वतःची पर्स ठेवून मोकळ्या झाल्या होत्या.

कुणाला सांगितलं तर हसतील. लेन ती लेन, दहा मीटरवर निशाण्याचं कार्ड ते कार्ड. पण अभय डावखुरा आहे. म्हणून तो कायम एकवर, पाठ भिंतीला. बाकी आम्ही सगळे उजवे, अंग डावीकडे वळवून उभे राहणारे. प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते. फक्त दोनवरच्या माणसाला एकवरच्याचा चेहरा दिसतो, अगदी समोरासमोर. अख्ख्या रेंजवर अशी एकच जागा, आणि ती माझी होती.

पिस्तूल वर नेतो, हळू खाली आणतो, थांबतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच नसतं. ऑफिस नसतं, मोबाइल नसतो, कपाळावरची आठी पण जाते. बावीस वर्षांच्या संसारात असा चेहरा मी घरी बघितलेला नाही. लेक पुण्याला नोकरीला गेली, घर खायला उठलं, म्हणून ही रेंज मीच शोधून काढली. कामणच्या वाटेवर, गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर. धूळ खात तिथवर जायचं मी, आणि बघायचं राऊतबाईंनी. फुकट.

परत येताना गाडीत मी त्याला नेहमी सांगते, तिसऱ्या शॉटला भुवई उडाली, सातव्याला दात आवळलेस. आज सांगायला काही नव्हतं. हा शीळ घालत गाडी चालवत होता.

मंगळ. ६ जाने.

रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या राऊतबाई कशा मारतात रे? अ. म्हणाला, "बऱ्या मारतात. शांत आहेत."

शांत आहेत. एवढं बोलून आमटी वाढून घेतली. माझ्याबद्दल कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? शाळेत बाई आहेत, हेच. आणि शांत नाहीत, हे मनात.

रवि. ११ जाने.

चारवरून काय दिसतं: पहिली एका कॉलेजच्या मुलाची पाठ, मग रा.बाईंची ऐसपैस पाठ, आणि तिच्या पलीकडून आलेला अ.चा नुसता हात. कोपरापासून पुढे. बाकीचा नवरा रा.बाईंच्या मागे.

माझं कार्ड म्हणजे चाळणी. एक छर्रा तर कार्डाच्या बाहेरच गेला. पाणी प्यायला म्हणून लेन सोडली, परत सोडली, तर सर म्हणाले, मॅडम, फायरिंग चालू असताना हिंडायचं नाही. सर्वांसमोर. मी वर्गात मुलांना ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात.

संपल्यावर रा.बाईंनी पर्समधून सुकेळी काढली. त्या निर्मळ गावच्या, घरची वाडी आहे, वाळवलेली केळी घरीच करतात. मला एक दिलं, अ.ला दोन. घरी केळं दिसलं की नाक मुरडणारा माणूस दोन्ही उभ्या उभ्या खाऊन वर म्हणतो, काय गोडी आहे हो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी माझं रुमालात गुंडाळून ठेवलं. (नंतर खाल्लं. चांगलं होतं. त्याचा आणखी राग.)

सरांनी आज जाहीर केलं, २६ तारखेला जोडी सामना. एक पुरुष, एक बाई, शेजारच्या लेनवर उभं राहायचं, दोघांचे गुण एकत्र. मी अ.कडे बघितलं. तो पिस्तूल पुसत होता. रा.बाईंचे यजमान रेंजवर येत नाहीत, वाडीतून हलतच नाहीत म्हणे. म्हणजे त्यांना जोडीदार नाही.

गाडीत तो सामना सोडून बाकी सगळं बोलला.

बुध. १४ जाने. संक्रांत

तिळगूळ दिला, तर मोबाइलमधून मान वर न काढता हात पुढे केला. "गोड बोल" तेवढं म्हणाला.

शनिवारी ह.कुं. करायचं ठरवलं. सोसायटीतल्या नेहमीच्या बायका, आणि रा.बाई. निर्मळहून बोळिंजला यायला त्यांना काही लांब नाही. फोन केला तर केवढ्या खूश झाल्या. मला त्यांना आमच्या ट्यूबलाइटखाली नीट बघायचंय.

शनि. १७ जाने.

सगळ्या गेल्या. वाणाच्या गाळण्या चार उरल्या.

रा.बाई सगळ्यांत आधी आल्या. जरीची साडी, वाडीतल्या अबोलीचा गजरा मला, दुसरा देवाला. सुकेळीचं पुडकं, "भाऊंसाठी". भाऊ आत टीव्हीपुढे. नीट न्याहाळलं मी त्यांना. पन्नाशी उलटलेली, हसऱ्या, पायाला भेगा. ह्यांच्यावर जळत होते मी?

मग त्या शोकेसपाशी गेल्या, आमचा महाबळेश्वरचा फोटो उचलला आणि थेट नाकाला लावला. असा, की वास घेतायत. म्हणाल्या, "हे तुमचे मिस्टर होय! दोन रविवार समोर उभे, पण चेहरा आज बघितला."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. डावा डोळा कधीचा गेलाय, उजव्याने हातभर अंतरापर्यंतचंच दिसतं. पिस्तुलाच्या नळीचं टोक स्वच्छ दिसतं, त्यापुढे सगळा धुरळा. सर म्हणाले, नेमबाजीला तेच बरं, नजर टोकावरच ठेवायची असते. आणि मग, गाळणी पिशवीत घालता घालता, अगदी साध्या आवाजात: "म्हणून तर मला दोनवर घातलं. भाऊंनी सरांना सांगितलेलं, समोर बघणारं माणूस नको."

समोर बघणारं माणूस म्हणजे मी.

त्यांना वाटलं, मला माहीत असेल. मी हसले, त्यांना परत हळद लावली. एकदा लावली होती तरी.

रवि. १८ जाने.

रेंजवर गेलो. चारवर उभी राहिले, दहा शॉट मारले, कुठे गेले देव जाणे. परत येताना विचारलं. वसई फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली होती, तेव्हा.

आधी म्हणाला, सरांनीच बदललं. मी म्हटलं, रा.बाई खोटं बोलत नाहीत, त्यांना बोलता येणारच नाही. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा गाडी पुढे काढत म्हणाला:

"घरात तू माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखतेस. साहेब बोलला का, अ‍ॅसिडिटी झाली का, पुण्याचा फोन आला का. बरं, ओळख. पण तिथे दहा मिनिटं मला कुणी ओळखू नये असं वाटतं."

मी म्हटलं, मी प्रेमाने बघते.

"माहितीय. म्हणून तुला सांगता येत नव्हतं."

म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी मी इतकी जळत होते, तो चेहरा मी नसल्यावरच नीट मोकळा होतो त्याचा. रा.बाईंवर आता जळता येत नाही. मग कुणावर? त्या कार्डावरच्या काळ्या ठिपक्यावर? ह्या वयात सवत आणली, ती पण पुठ्ठ्याची.

मंगळ. २० जाने.

ठरवलं, बघायचंच नाही. सकाळी डबा दिला, नजर डब्यावर. रात्री जेवताना नजर वाटीत. कोशिंबिरीत मीठ जास्त झालं असणार, त्याचं तोंड वाकडं झालं का ते बघायचं म्हणून मान उचलणार होते, थांबले.

शेवटी तोच म्हणाला, बरं नाहीये का? मी म्हटलं, बरी आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, ओळखायला. त्याला ओळखता येत नाही. कधीच आलं नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी आठवडाभर रुसले होते, तर हा म्हणे थंडीने गप्प असेल.

शुक्र. २३ जाने.

आज ऑफिसातून आल्या आल्या, बूट काढता काढता: "सोमवारी जोडीला आपण दोघं उभं राहू या का?"

एक क्षण विरघळले. खोटं कशाला लिहू. मग डोकं चाललं. म्हटलं, राऊतबाईंना विचारलंस का आधी?

तो दुसऱ्या बुटाची नाडी सोडत बसला. म्हणजे विचारलं होतं.

"त्या म्हणाल्या, माधवीताई असताना मी कशी उभी राहू."

म्हणजे त्यांनी नको म्हटलं म्हणून मी. हळदीकुंकवाला बोलावलेल्या बाईने उष्टावून परत केलेला नवरा मी सोमवारी घ्यायचा. भाजी करपवली. मुद्दाम नाही, पण हलवायला उठले पण नाही.

झोपायच्या आधी म्हटलं, उभी राहीन. तो "बरं" म्हणाला. त्याचा चेहरा कसा झाला ते माहीत नाही, दिवा मालवला होता.

रवि. २५ जाने.

रेंज आज बंद, पताका लावतायत म्हणे. दुपारी आइसक्रीमच्या डब्याचं झाकण कापलं. आडवी पट्टी डाव्या डोळ्यापुढे, ती तर नेम धरताना सगळेच लावतात. दुसरी मोठी, कानशिलाला, कानापर्यंत. टांग्याच्या घोड्याला असते तशी झापड. सरांना फोन करून विचारलं, चालते, पुष्कळजण लावतात.

अ.ने विचारलं, हे काय? म्हटलं, उद्या तू मला दिसणार नाहीस. खूश?

हे त्याच्यासाठी करतेय की त्याच्यावरच्या रागाने, मलाच सांगता येत नाही. कापताना बोट कापलं. त्याने पट्टी आणून दिली, मी स्वतः लावली.

सोम. २६ जाने.

झेंडावंदन, समोसे, मग सामना. वीस शॉट. तो एकवर, मी दोनवर, कितीतरी दिवसांनी. उभी राहिले, झापड लावली, तो गेला. पांढरं प्लास्टिक तेवढं राहिलं. नजर आपोआप तिकडे जात होती, प्लास्टिकवर आपटून परत येत होती.

पहिले काही वाया गेले. कान त्याच्याकडे. त्याचा टप्प आवाज आला की वाटायचं, आता आठी गेली असेल. मग कधीतरी तेही थांबलं. माझ्यापुढे नळीचं टोक होतं आणि मागे तो पुसट काळा ठिपका. घर नाही, शाळा नाही, हाही नाही. छान वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण छान वाटत होतं.

वीस झाले. पिस्तूल रिकामं करून ठेवलं. सर "स्टॉप" म्हणाले. मग लक्षात आलं, एकवरून केव्हापासून आवाजच आलेला नाही.

झापड काढली. अ.चं पिस्तूल टेबलावर. डबीत छर्रे उरलेले, मारलेच नव्हते. वेळ संपली होती. तो माझ्याकडे बघत उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. माझी नजर वर गेल्यावर त्याने कार्ड ओढून घ्यायला दोरी धरली.

आमची जोडी शेवटून पहिली आली. रा.बाई प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होत्या, त्यांना काही दिसलेलं नाही.

गाडीत म्हणाला, "मारताना तू जिभेचं टोक बाहेर काढतेस. लहान मुलं चित्र काढताना काढतात तसं."

मी म्हटलं, नाही काढत.

"काढतेस. आणि कपाळ सैल होतं. घरी नसतं तसं."

असा राग आला. कुणी सांगितलं होतं बघायला? आणि शॉट टाकून? पण तोंडून एवढंच निघालं की पुढे खड्डा आहे, बघ.

आता तो बाहेर टीव्ही बघतोय. मी बेडरूमचं दार लावून आरशापुढे उभी राहिले, उजवा हात उचलला, बोटाचं टोक धरून नेम घेतला. जीभ काही बाहेर येत नाही. दोनदा करून बघितलं. कपाळही नेहमीसारखंच. म्हणजे तो माझा चेहरा आता त्याच्याकडेच आहे, मला मिळायचा नाही.

येत्या रविवारी कोणी कुठे उभं राहायचं, ते त्याने विचारलेलं नाही. मीही विषय काढलेला नाही.