चष्म्याची दोरी

३ मार्च, सोमवार

चूक झाली! नर्सबाई — आता निवृत्त, वस्तीतल्या म्हाताऱ्यांची विचारपूस करणाऱ्या आमच्या गटाच्या प्रमुख — किती वेळा सांगतात : म्हाताऱ्या माणसाचा घरात छळ होतोय अशी शंका आली की दोघांनी जायचं. एकाने घरच्यांना बोलण्यात गुंतवायचं, दुसऱ्याने त्या माणसाशी एकांतात बोलायचं. आणि मी आज वस्तीतल्या एका मावशींना त्यांच्या मुलासमोरच विचारून बसलो, "मावशी, काही त्रास आहे का?"

मावशींनी मुलाकडे पाहिलं. "छे! सगळं छान आहे."

बाहेर आल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "वाघासमोर शेळीची खुशाली विचारलीत!"

५ मार्च

पुन्हा गेलो. नर्सबाईंनी मुलाला जिन्यातच गाठून त्याच्या गुडघेदुखीची चौकशी मांडली. गडी खुलला! आत मावशी हळूच म्हणाल्या, "चष्मा त्याच्याकडे असतो. उलटून बोलले की काढून घेतो."

प्रार्थनेचं पुस्तक उशाशी पडून होतं. मी वाचायला घेतलं. त्यांचे ओठ माझ्यापुढे धावत होते — सगळं पाठ! तरी म्हणाल्या, "अक्षरं डोळ्यांनी बघायची असतात रे."

९ मार्च, रविवार

आईला फोन. ती गावी माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे असते; फोन दादाचा, धरून बसतो तोच. पूर्वी आई सुरुवातच करायची, "गाढवा, आठवडाभर कुठे मेला होतास?" हल्ली शिव्या नाहीत. तिच्या एका शिवीसाठी जीव आसुसतो. वय झालं तिचं, दुसरं काय.

१२ मार्च

आज गट मिळून गेलो. मुलगा तापला, "हा आमच्या घरातला मामला आहे!" नर्सबाई शांत. "डोळे त्यांचे, चष्माही त्यांचाच. पुन्हा काढून घेतलास तर पोलिसांकडे आम्ही जाऊ." समोरच्या वहिनी रोज दुपारी मावशींजवळ बसणार. मुलाने चष्मा आणून दिला. गटातल्या शिंप्याने दोरी शिवून आणली होती, ती चष्म्याला बांधून मावशींच्या गळ्यात घातली.

चष्मा लावून त्यांनी आधी मला न्याहाळलं. "अगंबाई, तू तर म्हातारा निघालास! आवाजावरून पोरगा वाटला होतास."

किती दिवसांनी कुणी असं बोललं! घरी येऊन देवापुढे नुसता बसून राहिलो.

१६ मार्च, रविवार

आईला सहज विचारलं, "सकाळचं वाचन चालू आहे ना गं?"

"नाही रे वाचत आता. सगळं छान आहे."

दादाचा श्वास ऐकू येत होता. पुढचा प्रश्न गिळला.

तसाच नर्सबाईंच्या दारात गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "गावची तिकिटं दोन काढा. दादांना बोलण्यात मी गुंतवेन."